लेबलावरचं आम्ल

पातेलं सकाळपासून तिसऱ्यांदा चुलीवर चढलं होतं आणि सॉसवालीचा हात काही थांबत नव्हता. टोमॅटोचा रस ढवळायचा थांबला की तळाला धरतो, आणि एकदा धरला की सगळ्या पातेल्याला करपट वास लागतो. मग ओता मातीत. म्हणून घाम डोळ्यात गेला तरी पुसायची सोय नाही. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. परवा आभाळ आलं, चार थेंब टाकून निघून गेलं, आणि त्या चार थेंबांनी मागच्या शेतातल्या पिकल्या टोमॅटोंच्या साली तडकल्या. तडकलेलं फळ बाजारात कोण हातात घेतो? सॉसला मात्र चालतं, पण आजच्या आज शिजवलं तरच.

चार वर्षांपूर्वी असंच फळ सडायला लागलं तेव्हा हिनं पहिलं पातेलं चढवलं होतं. तेव्हापासून गावानं तिचं नावच सॉसवाली पाडलं. आणि गावच ते, तिच्या सासूला सॉसूबाई म्हणायला लागलं. म्हातारीला त्याचा राग नव्हता. "सासूपेक्षा बरंच आहे की," म्हणायची.

आजचा दिवस मोठा होता. शाळेच्या स्वयंपाकघराला महिन्याला साठ बाटल्या हव्या होत्या. ते काम मिळालं तर मागचं सगळं शेत पातेल्यात जाणार होतं, एक फळ वाया जाणार नव्हतं. शाळेच्या मोठ्या बाईंची अट एवढीच, की बाटलीवर रीतसर लेबल हवं आणि पालकांची हरकत नको. लेबलाचं तर अन्नखात्याच्या तपासणी साहेबानंही दम देऊन सांगितलं होतं, "आत काय आहे ते सगळं छापायचं. लेबलाशिवाय एक बाटली जरी विकलीत तरी चूल बंद करीन."

दुपारी नवरा छापखान्यातनं लेबलांचा गठ्ठा घेऊन आला. काय देखणं लेबल! लाल टोमॅटो, हिरवा देठ, खाली ठसठशीत अक्षरं.

"वाच की गं," सॉसूबाई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकायची भारी हौस.

"टोमॅटो. साखर. मीठ. कांदा. लसूण. आम्ल."

"काय?"

"आम्ल."

"बाई गं! ते आणि कधी घातलंस?"

सॉसवालीनं नवऱ्याकडं बघितलं. "अहो, मी व्हिनेगर लिहून दिलं होतं ना?"

"दिलं होतंस. छापखानेवाला म्हणाला, व्हिनेगर हा परका शब्द, माझ्या छापखान्यातनं अशुद्ध भाषा बाहेर पडत नाही. आणि तू म्हणाली होतीस ना, सगळं शुद्ध पाहिजे म्हणून?"

"मी सॉस शुद्ध म्हणाले होते, भाषा नाही हो!"

"अगं पण अर्थ तोच आहे म्हणे."

"अर्थ कोण बघतंय, कप्पाळ माझं!"

पण शाळेतली पालकांची सभा चारला, आणि छापखानेवाला दुकान बंद करून पाहुण्यांकडं गेलेला. तिनं एकदा पेनानं खोडून बघितलं, तर लेबल असं दिसायला लागलं की जणू काहीतरी लपवलंय. शेवटी आहे तशीच लेबलं चिकटवली. खरं ते खरं, असं स्वतःला समजावलं आणि दोन बाटल्या पिशवीत घालून निघाली.

शाळेच्या मोठ्या वर्गात पालक मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. बाटली हातोहात फिरली. तोंडभर कौतुक चाललं होतं, तोवर ती पोस्टमनच्या बायकोच्या हातात आली. ही बया पत्रिका असो की पाटी, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणार, तेही मोठ्यानं.

"आम्ल?" ती उभीच राहिली. "अहो, आम्लानं आम्ही मोरी धुतो!"

वर्गात एकदम गलका झाला.

"अगं ते व्हिनेगर आहे," सॉसवाली म्हणाली. "सॉस टिकावा म्हणून सगळीकडं घालतात."

"मग व्हिनेगर का नाही लिहिलंस?"

मोठ्या बाई मदतीला धावल्या. "हे बघा, शास्त्रानं बघितलं तर व्हिनेगर हे आम्लच असतं."

"म्हणजे आहे! बाई स्वतः सांगतायत, आहे!"

सॉसवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं बाटली उघडली, चमचाभर सॉस तोंडात घातला, मग दुसरा, मग तिसरा. "बघा! झालं मला काही?"

"आज होणार नाही," मागच्या बाकावरचा दूधवाला शांतपणे म्हणाला. "असल्या गोष्टी हळूहळू होतात."

"अहो दूधवाले, चार वर्षं खाताय तुम्ही माझा सॉस!"

"तेच तर म्हणतोय. चार वर्षं न सांगता घालत होतीस?"

सांगितलं नव्हतं तोवर सगळे बोटं चाटत होते, आणि सांगितलं तर ही चोर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. तिनं टेबलावरची दुसऱ्या सॉसची बाटली उचलली. शाळा इतके दिवस कंपनीचा सॉस वापरायची, त्यातली ती. लेबल चकचकीत, आणि मजकूर मुंगीच्या पायाएवढा. तिनं ती पहिल्या बाकावर बायकोशेजारी बसलेल्या घड्याळजीपुढं ठेवली.

"भाऊ, तुमचं ते डोळ्याचं भिंग आहे ना खिशात? वाचा हे."

घड्याळजीनं भिंग डोळ्याला लावलं, बाटली उजेडात धरली. "साखर... पाणी... भोपळ्याचा गर..."

"ऐका! टोमॅटोच्या आधी भोपळा!"

"...टोमॅटो थोडा... दाटपणासाठी पीठ... रंग... आणि पुढं आकडा आहे. दोनशे साठ."

"दोनशे साठ म्हणजेच व्हिनेगर!" सॉसवाली ओरडलीच. "तपासणी साहेबानं मला तक्ता दाखवलाय. तेच आम्ल आहे हे, नुसता नंबर दिलाय!"

दोघातिघांनी माना डोलावल्या. आता पटलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात पोस्टमनची बायको पुढं झाली, बाटली हातात घेऊन निरखली आणि म्हणाली, "पण यावर आम्ल असं कुठं लिहिलंय?"

"नाहीच लिहिलेलं," घड्याळजी म्हणाला. "आकडाच आहे."

"मग झालं तर. आकडा दिलाय म्हणजे मोजून घातलंय. हिचं काय, हाताच्या अंदाजानं!"

"बरोबर आहे," दूधवाला म्हणाला.

शेवटी बाईंनी हात वर करायला सांगितले. कंपनीच्या बाजूनं वर्गभर हात, सॉसवालीच्या बाजूनं एकटा घड्याळजी, तोही बायकोनं कोपर मारल्यावर खाली. मोठ्या बाई तिला दारापर्यंत सोडायला आल्या. "मला कळतंय गं सगळं," म्हणाल्या. कळून उपयोग काय!

घरी आली तर ओसरीवर तडकलेल्या टोमॅटोंच्या सहा पाट्या, आणि त्यांच्यावर चिलटं घोंगावतायत. नवरा पाट्या सावलीत ओढायला लागला. तिनं तोंडावर पाणी मारलं, मग पुन्हा मारलं. इतकी चीड आली होती की कुणावर काढावी तेच कळेना.

दिवस कलायच्या आत मागच्या दारी हाक आली. बघते तर पोस्टमनची बायको, पिशवीत रिकामी बाटली.

"अगं, पोरं जेवायला बसलीयेत. तुझ्या सॉसशिवाय एक घास घेत नाहीत. दे की भरून."

सॉसवालीनं कमरेवर हात ठेवले. "आणि आम्ल?"

"ते नको. ते लेबलवालं शाळेचं. मला आपलं नेहमीचं दे, बिनलेबलचं."

"अगं सगळं एकाच पातेल्यातलं आहे!"

"असेल. पण वाचलं की घशाखाली उतरत नाही बघ."

सॉसवालीला वाटलं, हिला अशीच हाकलावी. साहेबाचा दम आठवला. मग ओसरीवरच्या पाट्यांकडं नजर गेली. तिनं सकाळचीच एक भरलेली बाटली उचलली, पाण्याच्या बादलीत बुडवली आणि काथ्यानं खसाखसा घासली. लाल टोमॅटो, हिरवा देठ, ठसठशीत अक्षरं, सगळ्याचा लगदा होऊन पाण्यावर तरंगायला लागला. तिनं बाटली पुसून पुढं केली.

"घे. काढलं आम्ल."

पोस्टमनच्या बायकोनं झाकण उघडलं, बोट बुडवून चाटलं आणि समाधानानं मान हलवली. "बघ! चवीत लगेच फरक कळतो. अगं, शाळेत हेच नाही का आणायचं?"

सॉसवालीच्या ओठांवर दहा उत्तरं आली. पण कुंपणाशी घड्याळजीची बायको उभी होती, आणि तिच्या मागं किटली घेऊन दूधवाला. तिनं दुसरी बाटली उचलली आणि बादलीत बुडवली.