वाकात अडकलेली पावडर

हॉपर

म्हणजे वरचं तोंड. तिथून प्लास्टिकची पावडर पाइपात पडते आणि ब्लोअरची हवा तिला पलीकडच्या मशीनपर्यंत रेटते. वेवजी गावातल्या त्या कारखान्यातली पावडर भलती चिकट. पाइपात जरा पडून राहिली की गोळा धरायची. मग पाइपावर दणादण हातोडे.

रुपलने ते हातोडे थांबवले. लाइन बंद करताना आधी पावडर थांबवायची. हवा चालूच. पाइप रिकामा वाजला की मगच ब्लोअर बंद. लाइन चालू-बंद करायच्या पॅनलची खुर्ची तिला मिळाली ती यामुळेच.

कल्पिताला कामावर तिनंच आणलं. दोघींच्या आया डहाणूच्या बाजारात शेजारीशेजारी मासळी घेऊन बसायच्या. आपल्यातलीची चूक बाहेर सांगायची नाही, घरी नेऊन भांडायचं, हे दोघींना लहानपणापासून ठाऊक.

वाक

म्हणजे पाइप जिथं वळतो ते. सकाळी तिथं सगळं दगड झालेलं.

काल लाइन बंद करायचं काम कल्पितावर सोपवून रुपल कपडे बदलायला गेली होती.

"घाई झाली गं," कल्पिता कुजबुजली. "हवा आधीच बंद केली. धनेशभाईंना सांगू नको."

"सांगते कशाला? घरी चल, मग बघते तुला."

"बघ. येताना बोंबील आण."

दोघी हसल्या. तेवढ्यात सुपरवायझर धनेशभाई आले.

"पावडरच ओली आलीय," रुपल म्हणाली.

त्यांनी गोणीतली चिमूटभर पावडर तळहातावर घेऊन फुंकली. भुर्रकन उडाली.

"कल्पिताने मला गेटवरच सांगितलं, काल तू घाईत हवा बंद केलीस. मी म्हटलं, रुपल असं करणार नाही. आता तूच थापा मारतेस, म्हणजे…"

गेटवर.

म्हणजे कुजबुजण्याच्या आधी.

रुपलने वळून पाहिलं. कल्पिता खाली वाकून हातोडा शोधत होती. हातोडा तिच्या पायाशीच होता.

खरं सांगावं तर

पण आता आपलं खरं कोण मानणार

"गोणी भरायला जा," धनेशभाई म्हणाले. "पॅनल ती बघेल."

खालचं तोंड

म्हणजे मशीनमधून तयार माल गोण्यांत पडतो ते. संध्याकाळी रुपल तिथं गोण्यांची तोंडं शिवत होती. पॅनलवर कल्पिताने पावडर थांबवली. हवा चालू ठेवली. कान देऊन बसून राहिली, अगदी निवांत. पाइप रिकामा, खणखणीत वाजू लागला, तेव्हा कुठे तिने ब्लोअर बंद केला.

एकदाही तिने रुपलकडे वळून काही विचारलं नाही.