बटणांचा डबा

पाना तिसऱ्यांदा निसटला आणि सिंकखालच्या फरशीवर आदळला. पुढच्या खोलीतलं शिलाईचं मशीन थांबलं.

"लागलं का हो?"

"गोळीचे प्रताप," सिंकखालून उत्तर आलं. "दुसरं काय."

छत्तीस वर्षं तो लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करत आला होता. गंजून दगड झालेले नट त्याने सोडवले होते, आणि आज स्वतःच्या घरातला साधा प्लास्टिकचा नट त्याला दाद देत नव्हता. तो पाठीवर सरकत बाहेर आला, भिंतीला टेकून बसला. उजवा हात मांडीवर उघडा ठेवून, उसनं दिलेलं हत्यार बिघडून परत यावं, तसा तो त्याच्याकडे पाहत राहिला.

"राहू द्या," बायको दारात येऊन म्हणाली. "बादली आहे खाली."

"प्लंबरच्या घरात सिंकखाली बादली! बाहेर बोलू नकोस, उपाशी मरू."

एरवी ती हसली असती. आता ती मशीनवर परत जाऊन बसली. पॅन्टची एक बाजू उसवायची होती, पण तिने कात्री उचलली नाही. मशीनशेजारी बटणांचा पत्र्याचा डबा होता. त्याच्या झाकणावर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच बसली.

चार महिन्यांपूर्वी त्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. त्याचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडीवरून उतरता उतरता गेले होते, आणि त्याला पुढच्या महिन्यात अठ्ठावन्नावं लागणार होतं. मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. तिनेच त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कागदावर पाइप काढून आतला गाळ दाखवला.

"मला पाइप शिकवतोय," घरी येऊन तो म्हणाला होता. "गाळ काढायला अ‍ॅसिड ओतलं की पाइपही पातळ होतो, हे त्याला कोण सांगणार?"

तरी तो गोळी घेऊ लागला. मुलीपुढे त्याचं काही चालत नसे. सकाळी चहा झाला की बायको पाकिटातून गोळी फोडून तळहातावर धरायची, तो न बघता उचलून गिळायचा. चष्मा फक्त कामाच्या वेळी.

तीन आठवड्यांनी हाताचं सुरू झालं. आधी खांदा, मग मनगट, मग पकड. ज्या दुकानातून तो पाइप घ्यायचा, तिथला मालक म्हणाला, "मेहुण्याचे पाय असेच गेले. बंद केली, चालायला लागला. पूर्वी कोलेस्टेरॉलची रेघ वर होती, आता खाली आणली. माणसं तीच, एका रात्रीत सगळी आजारी."

"त्या मेहुण्याला आणा माझ्यासमोर," मुलगी म्हणाली. "बाबा, दुखतं कुणाकुणाला, मी नाही म्हणत नाही. पण गोळीचं नाव ऐकूनही पुष्कळांचं दुखतं. तुमचा बाप गेलाय यात. तुम्ही बंद करायची नाही."

"पाना धरता येईना तर जगून काय नळांची पूजा करू?"

"आई, तू सांग. तू कुणाच्या बाजूने?"

"मी चहा टाकते," आई म्हणाली होती.

मग एक दिवस एका घरी त्याला पाण्याचा कॉक फिरवता आला नाही. घरातल्या बाईने फडक्यात धरून फिरवला. "चांगली होती बिचारी," तो घरी येऊन म्हणाला. "हसली नाही." त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या तळहातावर वेगळी गोळी होती. तिची स्वतःची, कॅल्शियमची. तशीच पांढरी, गोल, कणभर मोठी. त्याने उचलली आणि गिळली. खरी गोळी डब्यातल्या शर्टाच्या बटणांत गेली.

तिचा हिशोब साधा होता. आठ दिवसांत हात सुधारेल, मग दोघांना सांगून टाकायचं आणि काय बोलणी बसतील ती खायची. आठ दिवस गेले. पंधरा गेले, हात सुधारला नाही. "हाडं पोखरते ही गोळी," कॅल्शियम गिळून तो म्हणायचा, आणि ती हातातला कप उगाच पुन्हा विसळायची. महिना उलटल्यावर सांगणं आणखी अवघड झालं.

दार वाजलं. मुलगी चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाबा, रिपोर्ट आलाय. वाढलंय. पहिल्यापेक्षा जास्त."

तो ओट्याला धरून उठला आणि टेबलाशी येऊन बसला.

"डॉक्टरांना फोन केला मी. म्हणाले, लागू पडत नाहीये, दुप्पट करा." तिने पर्समधून नवं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"एका गोळीत पाना सुटला. दोन गोळ्यांत चमचा सुटेल. भरवायला तू येणार?"

"येईन. आजोबांसारखं झालं तर काय करू, ते सांगा."

सिंकखाली बादलीत थेंब पडला.

"दे," तो शेवटी म्हणाला. "घेतो दुप्पट. तुझ्या जिवाला शांती मिळू दे. हात काय, जाईल."

बायको मशीनवरून उठली. डबा घेऊन आली आणि टेबलावर उपडा केला. बटणं खडखडत पसरली, त्यांच्यात पांढऱ्या गोळ्या. एक गोळी घरंगळत रिपोर्टला जाऊन टेकली.

"आई, हे काय?"

"दीड महिन्याच्या आहेत. यांना मी माझ्या कॅल्शियमच्या देत होते."

"आई!" मुलीचा आवाज चढला. "काय केलंस तू? काही झालं असतं तर? मी रोज दुकानात लोकांना सांगते, आणि माझ्याच घरात..."

"हो," आई म्हणाली. तिने पदर सावरला नाही, बसलीही नाही. आता तो ओरडेल म्हणून ती उभी होती.

तो ओरडला नाही. डाव्या हाताने एक गोळी उचलली, ते बटण निघालं. ते ठेवून दुसरी उचलली.

"म्हणजे दीड महिना गोळी पोटात गेलीच नाही."

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

त्याने उजवा हात टेबलावर ठेवला आणि मूठ वळली. मूठ पुरती मिटली नाही. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे पान्याचा घट्टा होता, तिथलं मांस बसून खळगा पडला होता. मुलीचं लक्ष तिकडे गेलं आणि तिच्या तोंडातलं पुढचं वाक्य तिथेच राहिलं.

"बाबा, हात दाखवा बघू. कधीपासून आहे हे?"

"राहू दे गं." त्याने हात मांडीवर घेतला. तो बटणांकडे बघत होता. मग म्हणाला, "गोळी बरी होती. तिला शिव्या देता येत होत्या."

मुलीने नवं पाकीट उचलून पर्समध्ये ठेवलं. जुनं पाकीट चहाच्या डब्यामागे होतं, ते बायकोने सवयीने काढलं. त्याने ते तिच्या हातातून घेतलं.

उजव्या अंगठ्याने त्याने दाबलं. चंदेरी कागद वाकला, फुटला नाही. त्याने पुन्हा दाबलं. मुलगी पुढे झाली, तशी आईने तिचं मनगट धरलं. बादलीत थेंब पडत होते. तिसऱ्या वेळी पाकीट त्याच्या बोटांतून निसटलं आणि बटणांवर पडलं.

ते त्याने बायकोपुढे सरकवलं.

"फोडून दे."

तिने गोळी फोडली आणि तळहातावर धरली. तो लगेच उचलेना. खिशात चाचपून त्याने चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, तिच्या हातावर वाकून गोळी नीट पाहिली. मग डाव्या हाताने उचलली.