कात्रीची कड

भोक शर्टाच्या बटणाएवढं होतं, आणि त्याची कड स्वच्छ होती — तीच तर वाईट गोष्ट होती. कसर लागली की लोकरीची कड भुरभुरते, खिळ्यात अडकलं की एक धागा लांब ओढला जातो आणि शेजारचे आक्रसतात, ठिणगीने जळालं तर कड कडक होऊन नखाला टोचते. ही कड फक्त कात्रीची होती. आजीने स्वेटर खिडकीपाशी नेला आणि आतून बोट घालून पाहिलं. सुनेच्या राखाडी स्वेटरमधून, डाव्या बाजूला, जिथे सुनेचं काळीज असणार बरोबर तिथून, आपलंच सुरकुतलेलं बोट बाहेर डोकावून आपल्याकडे बघतंय असं तिला वाटलं... तिने ते पटकन मागे घेतलं.

आधी चादरीच्या काठाला होतं. मग उशीच्या अभ्र्याला, सुनेच्या बाजूच्या. मग ओढणीच्या टोकाला, मग बाहीला, कोपराच्या जरा वर. आणि आता हे. कुणीतरी जिना चढत यावं तसं ते वर सरकत होतं.

"आई, माझा राखाडी स्वेटर दिसला का हो?" स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला. "दुपारी संस्थेच्या ताई येणार. म्हटलं, जरा माणसात आल्यासारखं दिसावं."

"धुवायला टाकलाय," ती म्हणाली. स्वेटर तोवर तिच्या उशीखाली गेला होता. "दुपारपर्यंत वाळेल."

"लोकरीचा? या असल्या हवेत?"

"आईनं म्हटलंय ना, मग वाळेल," मुलगा बूट घालता घालता म्हणाला. "तिच्या धाकानं वाळेल तो. मी नाही का दहावी पास झालो!"

सून हसली. टेबलाशी बसलेली मुंगी हसली नाही. दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरून ती आजीच्या तोंडाकडे बघत होती — डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे, जिथून खोटं नुकतंच बाहेर पडलं होतं.

मुंगी हे नाव मुलाने ठेवलेलं. घरात आली तेव्हापासून ती भिंतीला धरून चालायची, मध्ये मोकळी जमीन असली तरी. नऊ वर्षांची पोर, आधी दोन घरं बघून आलेली. आजीला 'आजी' म्हणायला तिला आठवडाही लागला नाही. मुलाला ती 'अहो' म्हणायची, आणि त्यावर घरात खूप हसणं झालं होतं. सुनेला मात्र ती कशानेच हाक मारत नसे. समोर जाऊन उभी राहायची आणि सुनेचं लक्ष जाईपर्यंत तशीच उभी असायची. सून एकदा रात्रीची भांडी विसळताना म्हणाली होती, "आई, मी काय करत नाही हो तिच्यासाठी?" आणि खरंच, ती सगळं करत होती.

उभं आयुष्य रफूच्या दुकानात गेलं होतं आजीचं. बस डेपोमागच्या गल्लीत, दिवसाही दिवा लावावा लागे अशा खोलीत. मालक म्हणायचे, गिऱ्हाइकाला काम दाखवू नका, भोक कुठे होतं ते त्यालाच शोधू द्या. सापडलं तर आपण हरलो. ती क्वचितच हरली. लग्नाचे कोट, साहेबलोकांच्या पँटी, एका बाईची शाल — तिच्या नवऱ्याने सिगरेट मुद्दाम टेकवलेली, ती बाई काउंटरवर म्हणाली होती, "असं करा की तो म्हणेल, मी जाळलीच नव्हती"... आणि आपण तसं केलं. अगदी तसंच केलं. तेव्हा किती अभिमान वाटला होता.

आणि आता घरात हे.

संस्थेच्या ताईंची आजची भेट शेवटची होती. त्यानंतर दत्तकाचे कागद पक्के होणार, मुंगी कायमची या घरातली होणार. 'होणार' असंच सगळे म्हणत, पण मध्यंतरी एका संध्याकाळी मुलाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून सुनेचा दमलेला आवाज आला होता — "आपल्याच्यानं झेपेल ना रे?" — आणि मुलगा, हा जन्माचा हसरा मुलगा, हळूच म्हणाला होता, "हे बघ, कागद होईपर्यंत परत करता येतं."

परत करता येतं.

तो शब्द तिच्या ओळखीचा होता. तो शब्द ऐकला तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मावशीच्या माजघरात दाराआड उभी होती. मावशीला मूल नव्हतं, आईला पाच होती, तेव्हा मधली दिली. मावशीने नवे कपडे शिवले, केसांना रिबिनी आणल्या. आणि आपण... मी मावशीच्या चपला विहिरीत टाकल्या, एकेक करून. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने एका दुपारी माझे सगळे कपडे इस्त्री केले, आतलेसुद्धा, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी कडक इस्त्री, आणि गरम कपड्यांची ती चळत पिशवीत भरताना म्हणाली, "चल, आई वाट बघत्येय." आई वाट बघत नव्हती. आईने जेवताना पान वाढलं, बहिणीला म्हणाली, सरक जरा, आणि त्या दिवसानंतर त्या घरात कोणी कधीच... जणू मी कुठे गेलेच नव्हते. बेमालूम रफू. नवऱ्यालाही तिने कधी सांगितलं नाही. मुलाला तर नाहीच.

म्हणून पहिलं भोक दिसलं तेव्हा तिने विचारसुद्धा केला नाही. सुई घेतली आणि बुजवलं.

मुलगा आणि सून कामावर गेली. सून दुपारी रजा टाकून येणार होती. मुंगीला आज शाळा नव्हती. आजीने स्वेटर मांडीवर घेतला, आणि न बोलावता मुंगी येऊन तिच्या गुडघ्याला टेकून बसली. सुई तीच ओवायची. आजीची नजर आता तेवढी राहिली नव्हती. धाग्याचं टोक जिभेवर ओलं करायचं, दोन बोटांत चपटं करायचं, एका दमात ओवायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं.

"हा धागा कुठला घेतलास?"

"त्याच्याच आतल्या शिवणीतला. रंग तंतोतंत जुळायला हवा ना. जवळचाच घ्यायचा."

"मग तिथं भोक नाही पडत?"

"पडतं थोडंसं. पण आत. कोण बघतंय?"

मुंगीने शिवणीतली उसवलेली जागा बोटाने चाचपली. सुई खाली-वर जात राहिली, एक उभा धागा सोडून एक, आणि खोलीत तेवढाच आवाज होता. याच वेळी ती बोलायची. एरवी दिवसभर 'हो', 'नको', 'झालं'. पण भोक बुजत असताना मात्र एकेक गोष्ट बाहेर यायची. पहिल्या घरी कुत्रा होता, तो तिला पायांच्या आवाजावरून ओळखायचा. दुसऱ्या घरी पंखा रात्रभर टकटक करायचा.

"तिथल्या काकू चांगल्या होत्या," ती आज म्हणाली. "त्या आधी रडल्या."

"आधी म्हणजे?"

"बॅग भरायच्या आधी. सगळे आधी रडतात. मग एकदम छान वागतात. मग बॅग." तिने धाग्याचा तुकडा बोटाला गुंडाळला, बोटाचं टोक लाल झालं, मग सोडला. "तू नाही रडलीस अजून."

"मी कशाला रडू गं?"

"आणि रागावलीपण नाहीस."

"नाही."

"का नाही रागावत?"

सुई थांबली. खिडकीबाहेर कुणाच्या तरी गाडीने हॉर्न दिला आणि लगेच दिला नसल्यासारखी शांतता झाली. तिला वाटलं, आता विचारावं — का करतेस बाई तू हे? सगळ्यांत साधा प्रश्न, एवढ्या दिवसांत एकदाही न विचारलेला. मागच्या खेपेला ताई स्वच्छ म्हणाल्या होत्या, "आजी, काहीही वेगळं दिसलं तर मला सांगा. आमच्याकडे मुलांशी बोलणाऱ्या डॉक्टर आहेत. सांगितलं म्हणून आम्ही मूल उचलून नेत नाही हो." आजी मान हलवत राहिली होती आणि मनात म्हणत होती, अशीच गोड बोलतात सगळी.

पण आता, सुई अर्ध्यावर असताना, तिला सकाळ आठवली. आपल्याला भोक अचानक थोडंच दिसलं होतं? आपण शोधत होतो. रोज सकाळी सून आंघोळीला गेली की आपण सुनेचे कपडे उलगडून, उजेडाशी धरून बघतो. आणि काही सापडलं नाही की तो दिवस... कसा म्हणावा... रिकामा जातो. मुंगी भिंतीच्या कडेने फिरत राहते, आपण खिडकीशी बसून राहतो, कुणाला कुणाची गरज नसते. आणि आज सकाळी, बोट पलीकडे निघालं तेव्हा — भीती वाटली, हो, पण तिच्याखाली — ती आनंदली होती.

तिने उरलेले धागे घाईघाईने विणले.

ताई आल्या तेव्हा सून स्वेटर घालून बसली होती. छान दिसत होती. बोलताना तिचा हात पुन्हा पुन्हा छातीशी जात होता, नेमका तिथेच, आणि हाताला काहीच लागत नव्हतं.

"झोप कशी आहे तिची?"

"छान झोपते."

"खाणंपिणं?"

"काही तक्रार नाही हो. उलट..." सून हसली. "ताई, खरं सांगू? इतकं गुणी मूल की मलाच कधीकधी भीती वाटते."

ताई हसल्या नाहीत. "कसली भीती?"

सुनेने आजीकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोण जाणे. आईंना विचारा. दिवसभर त्याच असतात तिच्याजवळ."

"पाणी आणते," असं म्हणून आजी उठली.

स्वयंपाकघरात तिने माठाचं झाकण काढलं आणि तिला जाणवलं की मागे कुणीतरी भिंतीला टेकून उभं आहे. मुंगीने डावी बाही वर केलेली होती. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी सगळ्यांत मऊ असते तिथे, बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी लाल रेघ होती. वाहत नव्हती. कड स्वच्छ होती.

"हे पण कर ना," ती कुजबुजली.

तिच्या उजव्या हातात ओवलेली सुई होती. धागा तिने शोधून काढला होता, डब्यातल्या सगळ्या रिळांतून. फिका, गव्हाळ, तिच्या हाताच्या रंगाच्या अगदी जवळचा.

आजीने सुई काढून घेतली. सुई देताना मुंगीने ती जराही धरून ठेवली नाही, खूश होऊन हात पुढे केला. आणि आजीच्या दुसऱ्या हाताने, तिला न विचारता, ती बाही मनगटापर्यंत खाली ओढली. तेवढ्यातही तिच्या नजरेने रेघेची लांबी मापली होती, कड जोखली होती, आणि मनाने कौल दिला होता — काही नाही, दोन दिवसांत दिसणारसुद्धा नाही.

तो कौल ऐकून तिने सुईतला धागा ओढून काढला.

"आई?" बाहेरून सून म्हणाली. "ताई विचारताहेत."

मुंगी वर बघत होती. तोंडाकडे. तिथून आता काय निघतं ते बघायची तिला सवय होती, आणि काय निघणार याची खात्रीही होती. त्या खात्रीने तो लहानसा चेहरा इतका निवांत झाला होता की तसा तो याआधी कधी दिसला नव्हता. हा निवांतपणा मोडायचा — आपल्या हाताने, आज, आत्ता — आणि मग ती पुन्हा कधी गुडघ्याला टेकून बसणार नाही. बसणारच नाही कदाचित. ते सोसेल का मला? मुंगीला सोसेल का, असं आधी मनात यायला हवं होतं, आणि ते आलं नाही हे तिच्या लक्षात आलं.

"आले," ती म्हणाली. आवाज अनोळखी निघाला.

तिने मुंगीचा हात धरला. बाहीवरून धरला, मग बाहीच्या आत बोटं सरकवून मनगट धरलं. ते गरम होतं, नाडी भराभर उडत होती. आणि ती उंबऱ्याशी थांबून राहिली, तोंड कोरडं, जसं एखाद्या सात वर्षांच्या मुलीचं होतं, जिला आता कुणी रागावेल की नाही हे अजून माहीत नाही.