दहात तीन

आमच्या बास्केटबॉल संघातला सर्वांत उंच खेळाडू माझा सख्खा भाचा. सगळे त्याला शिडी म्हणतात. उंच माणसाने बास्केटखाली उभं राहावं, पण याला लांबून तीन गुणांचे फटके मारायची भारी हौस. मी प्रशिक्षक, माझ्या वहीत त्याचा एकेक फटका टिपलेला. लांबून दहात तीन जातात, म्हणजे नऊ गुण. जवळून दहात सहा, म्हणजे बारा. शेंबड्या पोरालाही कळेल!

"आज लांबून एक जरी मारलास तर बाकावर बसवीन," मी त्याला बजावलं.

तो निमूट बास्केटखाली उभा राहिला आणि आमचं पार पानिपत झालं. एरवी आमचे बुटके सुळकन आत शिरतात. आज त्यांच्या प्रत्येक चेंडूवर समोरच्या ताडमाड गड्याचा पंजा पडत होता. मध्यंतराला मी बुटक्यांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं.

शिडी पाणी पीत म्हणाला, "सर, यांच्याशी मागच्या सामन्यात हा ताडमाड कुठे उभा होता?"

"कुठे म्हणजे? बाहेर, तुझ्यासमोर."

"का?"

मी वही चाळली. समोरचा कुठे उभा असतो, हा रकाना मी कधी आखलाच नव्हता.

"जा बाहेर," मी पुटपुटलो. "मोकळा असलास तर मार."

"नक्की ना, मामा?"

पहिलाच फटका हुकला. शिवी ओठांवर आली होती. पण पुढच्या वेळी चेंडू शिडीच्या हातात पडताच ताडमाड बाहेर धावला, आणि बास्केटखाली चिटपाखरूही उरलं नाही.