पेशीतलं दुखणं

आदर्श हल्ली बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघायला लागला होता, आणि सीताबाईला ते मुळीच आवडत नव्हतं. मनात काही लपवलेलं असलं की माणूस नजर चुकवतो, असं तिचं पक्कं मत. तिचा पोरगा एकवीस वर्षांचा, अंगानं धडधाकट. घरची वांगी, मेथी, कोथिंबीर टेम्पोत भरून मंगरूळपीरच्या बाजारात तोच न्यायचा आणि तोच विकायचा. पण अलीकडे त्यानं टेम्पोला हात लावणं सोडलं होतं. बिघाड आहे म्हणायचा, आणि माल दुसऱ्याच्या गाडीत टाकायचा. एके दिवशी त्याच्या बापानं, पंजाबरावांनी, टेम्पो स्वतः काढून बघितला, तर तो पहिल्या झटक्यात सुरू झाला.

"पोट्टं पिऊन राह्यलं काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तोंडाले वास तं येत नाई," सीताबाई म्हणाली. तिच्याही पोटात तीच भीती होती.

तिला कोडं पडायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. शेताच्या धुऱ्याकडून, बांधावरून, शेळी मेथीत शिरली तर आदर्शला ती सगळ्यांच्या आधी दिसे. पायाजवळ पडलेलं खुरपं दिसे. मग मोबाईल तो तिरपा, पार कानाजवळ का धरत होता? ताटातली भाजी सोडून त्याचा घास रिकाम्या जागी का जात होता? विचारलं की तो चिडायचा आणि उठून जायचा.

एका बाजारच्या दिवशी ती जेवणाचा डबा घेऊन त्याच्या दुकानाशी गेली. तो वांग्यांवर पाणी शिंपडत होता. ती समोर उभी राहिली तशी त्यानं मान वर केली.

"काय देऊ मावशी? वांगे ताजे हायेत."

सीताबाई हसली. "मावशी काय म्हणतं रे, भैताडा!"

आवाज ऐकून त्याचा हात तसाच थांबला. "माय?" तो म्हणाला. "तू कवा आली?"

ती मस्करी नव्हती. तिचं हसू आटलं. ती वांग्यांच्या ढिगाला वळसा घालून त्याच्याजवळ गेली, आणि तिथेच, भर बाजारात, पोरगा लहान लेकरासारखा रडायला लागला. "मधलं दिसत नाई मले. तुयी साडी दिसते, हातातला डबा दिसते. तुयं तोंडच गायब हाय, माय. सगळ्याइचेच तोंडं गायब हायेत."

मग दवाखाने सुरू झाले. वाशीमला चष्मा मिळाला, त्यानं काही फरक पडला नाही. दुसऱ्या एका डॉक्टरनं सांगितलं की डोळे स्वच्छ आहेत, पोरगा नाटक करतोय का ते बघा. शेवटी ते अकोल्याला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बराच वेळ तपासलं, रक्त घेऊन लांब कुठेतरी पाठवलं आणि उत्तर आल्यावर आईबापांना सोबत बोलावलं.

"दोष याच्या पेशीत आहे," बाई म्हणाल्या.

पंजाबराव दचकले. वावराच्या वाटणीचा त्यांचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालला होता. पेशी म्हटलं की त्यांना एकच गोष्ट माहीत होती, कोर्टाची तारीख. "पेशी तं पुढच्या महिन्यात हाय," ते म्हणाले. "त्याचा याच्या डोळ्याशी काय संबंध, मॅडम?"

"ती कोर्टाची पेशी नाही हो. आपलं सगळं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. साध्या डोळ्याला दिसत नाहीत. प्रत्येक पेशीच्या आत आणखी बारीक भाग असतात, आणि ज्याचं त्याचं काम ठरलेलं असतं. त्यात तंतुकणिका नावाचे भाग आहेत, ते पेशीला शक्ती पुरवतात. आदर्शच्या तंतुकणिकांमध्ये जन्मापासून एक चूक आहे. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला शक्ती फार लागते. तिला ती पुरत नाही, म्हणून ती नस वाळत चालली आहे."

सीताबाईनं सगळं ऐकलं. शब्द कळत होते, पण एकाला एक लागत नव्हता. "जन्मापासून हाय," ती म्हणाली, "तं मंग इतके वर्सं त्याले कसं दिसलं?"

"ते आम्हालाही नीट सांगता येत नाही, ताई. काहींना आयुष्यभर काहीच होत नाही. काहींचं विशी-पंचविशीत अचानक सुरू होतं. मुलांना जास्त, मुलींना कमी. तंबाखू, बिडी, दारूनं जोर धरू शकतं. याचा तंबाखू-सुपारीचा खर्रा आजपासून बंद. गोळ्या देते, पण त्यानं थोड्यांनाच फरक पडतो."

"अन् हे आलं कुठून?" पंजाबरावांनी विचारलं.

"हे आईकडूनच येतं."

पंजाबराव बायकोकडे बघत होते. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं, पण सीताबाईला ते सोसवेना. "मले तं सारं चांगलं दिसते," ती म्हणाली. "मी आजबी सुईत धागा ओवतो."

"दिसणारच. तुमचा काही दोष नाही यात. तुमच्या माहेरी कोणाचे डोळे असे गेले होते का?"

"नाई."

"देवमनचे गेले नाई काय?" पंजाबराव म्हणाले.

"थो दारूनं गेला!" सीताबाई एकदम म्हणाली. "त्याचं अन् याचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. देवमन कोण, तेव्हा वय किती, दुखलं होतं का, आधी मधलंच दिसेनासं झालं का, असं एकेक विचारत गेल्या. देवमन सीताबाईचा थोरला भाऊ. त्याच्या लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती तेव्हा बघता बघता त्याचे डोळे गेले होते. कोणीतरी म्हणालं, एका लग्नात याला पिताना पाहिलं, दारूच खराब असेल. बापानं ते खरं मानलं, आणि पोराला घराबाहेर काढलं. देवमननं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बायकोला घेऊन तो शिरपूरला सासुरवाडीजवळ गेला आणि तिथं तिनं पिठाची गिरणी टाकली. सीताबाई दर वर्षी राखी पाठवायची. जायची मात्र नाही.

"त्यांनाही हेच असणार," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. आदर्शची धाकटी बहीण सायली बारावीला सायन्स घेऊन होती. तिनं डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद वाचला.

"हे तं आमाले नववीतच होतं," ती म्हणाली. "तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे. मले पाठ होतं. पेपरात आलंबी होतं."

"मंग मले सांग," सीताबाई म्हणाली. "माह्याकडूनच काहून? पोरगं दोघाइचं असते ना?"

सायलीनं जुडी बाजूला ठेवली. "पेशीच्या मधात केंद्रक असते. त्याच्यात अर्धं तुयं, अर्धं बाबाचं. पण तंतुकणिका केंद्रकाच्या बाहेर असतात. त्याइच्यात त्याइचे आपले वेगळे जीन असतात. पोटात गर्भ राह्यते तवा बाबाकडच्या टिकत नाईत. मायच्याच राह्यतात. सगळ्या."

बापासमोर पोरगी असं बोलते याचा सीताबाईला एरवी संकोच वाटला असता. आज वाटला नाही. "म्हणजे मले मायकडून आलं."

"हो. आजीले तिच्या मायकडून."

"अन् देवमनदादाले?"

"त्यालेबी आजीकडूनच."

"मंग आता त्याच्या लेकराइले?"

"नाई ना. मामाकडून पुढं जात नाई, माणसाकडून जातच नाई. बाईकडून जाते. म्हणजे तुयाकडून आमाले आलं, अन् मंग..." सायली थांबली. तिनं कागदाकडे बघितलं, मग दादाकडे. "मंग माह्याकडून," ती हळू म्हणाली.

पंजाबराव विहिरीवरची मोटर बंद करतो म्हणून उठले आणि अंधारात गेले. मोटर सुरूच नव्हती.

सीताबाईला कोणावर रागवावं ते समजेना. आईवर रागवावं तर ती मरेपर्यंत चांगल्या नजरेनं तांदूळ निवडत होती. आईच्या आईला तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि स्वतःवर रागवायचं तर नेमकं काय केल्याबद्दल? आदर्शला पाजलं, वाढवलं, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं. त्याच अंगातून हेही गेलं, आणि तिला पत्ता नव्हता.

पुढच्या आठवड्यात ती आदर्शला घेऊन शिरपूरला निघाली. वाशीमला गाडी बदलली. गिरणी मंदिराच्या रस्त्याला आतल्या बाजूला होती. दारात देवमन उभा होता, भुवयांवर पीठ, आणि पडणारं पीठ चिमटीत चोळून बघत होता. तो म्हातारा झाला होता. सीताबाईनं हाक मारली तेव्हा त्यानं तिच्याकडे न बघता भिंतीकडे मान वळवली आणि म्हणाला, "सीता? तू कशी काय आली वं?"

आदर्श हे बघून जागीच थबकला. मग त्यानंही मान तशीच वळवली. मामा-भाचे एकमेकांच्या शेजारच्या हवेकडे बघत उभे राहिले, आणि डोळ्याच्या कडेनं ते एकमेकांना दिसले असावेत, कारण दोघंही एकदम हसले.

वहिनीनं पाणी दिलं. सीताबाईनं बोलायला सुरुवात केली आणि सगळा गोंधळ केला. पेशी, नस, माय, शक्ती, तिच्या तोंडून काहीच्या आधी काही यायला लागलं. शेवटी आदर्शनं समजावलं. देवमननं बटण दाबून गिरणी बंद केली.

"दादा, दारू नव्हती ते," सीताबाई म्हणाली. "तू पेला नव्हता. आमीच..."

"पेलो होतो," देवमन म्हणाला.

तिनं पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"त्या लग्नात. एकच डाव. संग दहा जण होते, त्याइले काईच झालं नाई. माहेच डोळे गेले. बाप म्हणे दारूनं गेले, मले वाटलं बरोबरच हाय. थेच धरून बसलो इतके वर्सं."

"डॉक्टरीण म्हणे दारूनंबी जोर धरते," आदर्श म्हणाला.

"मंग दारूनं गेले का मायकडून गेले?"

"दोन्ही असन, मामा. सांगता येत नाई म्हणतात."

"अरे, मले एक तं सांगा!" देवमनचा आवाज चढला. "मी बापाच्या मयतीत सगळ्याइच्या मागं उभा राह्यलो. वाटे, आपलीच चूक हाय. आता तू म्हणतं चूक मायच्या पोटातून आली, अन् वरून म्हणतं माहीबी असन." तो पिठाच्या डब्यावर बसला. वहिनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं काढला नाही.

सीताबाईला वाटलं होतं, ती त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आली आहे. आता तिला कळेना की उतरवलं की आणखी चढवलं. तेवढ्यात एक बाई ज्वारीचा डबा घेऊन दारात आली आणि आत काय चाललंय ते बघून उभी राहिली.

"मायले शेवटपर्यंत दिसे ना?" देवमननं विचारलं.

"हो. सारं दिसे."

"बरं झालं," तो म्हणाला. उठून त्यानं गिरणी सुरू केली आणि त्या बाईचा डबा मागितला. मग आवाजावर आवाज काढून आदर्शला म्हणाला, "राह्य चार रोज. चालाचं कसं, थे दाखवतो तुले."

आदर्श राहिला. चार रोजांचे पुष्कळ दिवस झाले. तो परत आला तेव्हा डोळे आणखी अधू झाले होते, पण बाजारात बसायला तो कोणाची वाट बघत नव्हता. भाजी हातानं ओळखायचा, गिऱ्हाईक आवाजानं. टेम्पो आता पंजाबराव चालवत. खर्रा त्यानं सोडला होता, निदान घरात तरी. देवमनचा फोन येतो. तो भाच्याशी बोलतो, मग सीताबाईशी, आणि बोलता बोलता मध्येच विचारतो की त्या डॉक्टरीणबाईनं नक्की काय सांगितलं होतं. सीताबाई जमेल तसं पुन्हा सांगते. दर वेळी ते थोडं वेगळं होतं.

सायलीला काही झालेलं नाही. तरी रोज सकाळी ती कॉलेजला निघाली की सीताबाई तिला भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभी करते.

"आज काय लिवलं हाय?"

"चतुर्थी."

"अन् खाली, बारीक अक्षरात?"

"माय, मले उशीर होऊन राह्यला."

"होऊ दे. खाली काय हाय थे वाच, अन् मंग जाय."

सायली दप्तर खांद्यावर घेऊन कॅलेंडराजवळ जाते. सीताबाई तिला बाही धरून दोन पावलं मागे ओढते. मग सायली वाचते.