जावयाचा गुडघा आणि सासूबाईंचा फलक

डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले होते. सासूबाईंनी सहा सांगितले, आणि बाजारात टांगले गेले ते सहाच.

ग्वोन थेसक हा कोरियातल्या सोकछो या बंदराच्या गावातल्या फुटबॉल क्लबचा बचावपटू. मार्चमध्ये गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. सासूबाईंची बाजारात बैलाच्या गुडघ्यांच्या रश्श्याची खानावळ. हा रस्सा माणसाच्या गुडघ्याला लागू पडतो, यावरच सगळा धंदा उभा. त्यांनी दोन खांबांच्या मध्ये भलामोठा फलक ताणला : ‘आमचे जावई छुसकच्या सणाला मैदानात! रश्श्याची कमाल!’ छुसक म्हणजे सप्टेंबरातला सुगीचा सण, मार्चपासून मोजून सहा महिने.

झालं. थेसक बाहेर पडला की बाजारातल्या कोळणी ओरडायच्या, “काय हो, छुसकला ना?” तो मान हलवायचा. सासूसमोर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. पुढ्यात रश्श्याचं भांडं यायचं, तो प्यायचा. गुडघ्याचं माहीत नाही, पोट मात्र झपाट्यानं सुधारलं.

छुसक तोंडावर आला तेव्हा तो तपासणीला गेला.

“छान जुळतंय,” डॉक्टर म्हणाले. “पण अजून तीन महिने मैदान नाही.”

“दहा मिनिटं तरी? फलक लागलाय हो!”

“मी गुडघे बघतो, फलक नाही. घाई केलीत तर पुन्हा पहिल्यापासून. आणि तेहतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून होत नसतं, ग्वोनसाहेब.”

थेसक बाहेर आला तो खेळायचं ठरवूनच. गुडघा गेला तर गेला, पण भर बाजारात सासूबाईंचं तोंड काळं कसं करायचं? तेवढ्यात परिचारिकेनं पुकारा केला, “म्योंग बुनरे!”

कोणी उठेना. दुसऱ्यांदा पुकारल्यावर कोपऱ्यातली एक बाई भिंतीला धरून उभी राहिली. तोंडावर मास्क, कपाळावर उन्हाची टोपी पार नाकापर्यंत ओढलेली. तिनं थेसकला पाहिलं, थेसकनं तिला. पळावंसं दोघांनाही वाटलं, पण पळता दोघांनाही येत नव्हतं.

“सासूबाई?”

“मी नाही ती.”

“तुमचंच नाव घेतलं की आत्ता!”

“हळू बोला, जावईबापू! तो समोरचा आपलं गिऱ्हाईक आहे.” त्या मटकन खाली बसल्या. “दोन्ही गुडघे गेलेत. दोन वर्षं इंजेक्शनं घेतेय.”

“आणि रस्सा?”

“रश्श्याला नावं ठेवायची नाहीत! पण दिवसभर उभं राहून तो ढवळायचा कोणी?”

थेसकला हसू आवरेना. हसता हसताच इतके महिने घशात अडकलेलं वाक्य बाहेर पडलं, “छुसकला मी खेळू शकत नाही. डॉक्टर नको म्हणतायत.”

सासूबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मला न विचारता फलक लावलात तरी कशाला?”

“तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात. भात पुढ्यात गार व्हायचा. फलक लागला त्या दिवशी दोन वाट्या भात खाल्लात. मग तो काढायला माझा हात धजेना.”

त्या दिवशी भात धास्तीनं घशाखाली गेला होता, हे थेसकनं सांगितलं नाही. त्याचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी सासूबाईंना ऑपरेशनच सांगितलं. “छुसकपर्यंत होईन ना बरी?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टर सांगतील तेवढे दिवस,” थेसक दरडावून म्हणाला. “एकही कमी नाही.”

छुसकला बाजारात नवा फलक होता : ‘सासू-जावई, दोघांचेही गुडघे दुरुस्तीला. तारीख डॉक्टरांना विचारा. रस्सा चालू.’ कोळणी पोट धरून हसल्या आणि रांग लावून जेवल्या. आत थेसक उंच स्टुलावर बसून रस्सा ढवळत होता, आणि सासूबाई मागच्या खोलीत ऑपरेशन झालेला पाय पसरून पडल्या पडल्या हुकूम सोडत होत्या.

“पाय लांब ठेवा, जावईबापू! लोंबकळू देऊ नका!”

“आधी तुमचा वाकवा,” थेसक स्टुलावरूनच ओरडला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढे म्हणाला, “आई.”

मागच्या खोलीत सासूबाईंनी जावयाचा हुकूम मानला आणि गुडघा वाकवला.