पुलाचा कोंडा

हातोडी आत गेली. टण् असा आवाज यायला हवा होता, तो आलाच नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावी तशी हातोडीची चोच पत्र्यात घुसली आणि अडकली. मी शिडीवर, डोक्यावर पूल, घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं. तीनला कारखान्याची पाळी सुटते. सहाशे माणसं याच पुलावरून रूळ ओलांडून घरी जातात, आणि त्यांत आमची हीसुद्धा.

या पुलाला रंग नाही. त्याचं पोलादच तसलं. वर गंज धरतो, घट्ट बसतो आणि मग तोच आतल्या पोलादाला राखतो. बावीस वर्षं मी हा पूल तपासत आणि लोकांना ऐकवत आलो, "अहो, गंज कसला, अंगरखा आहे तो त्याचा!" दर सहा महिन्यांनी गंजावर चिकटपट्टी दाबायची, ओढायची, नोंदवहीत लावायची. बारीक भुकटी आली तर ठीक, पापुद्रे आले तर धोका. माझ्या वहीत चव्वेचाळीस पट्ट्या आहेत, सगळ्या भुकटीच्या, खाली माझी सही.

आणि सगळ्या घेतल्या कुठून, तर कठड्याच्या बाहेरच्या अंगावरून. का? उभ्या उभ्या हात पोचतो म्हणून! बाहेरचं अंग पावसानं धुऊन निघतं. खालच्या पोटाला पाऊस शिवत नाही. कारखान्याच्या भट्टीच्या धुराची काजळी तिथं बसून राहते, दवानं ओली होते आणि गंजाला घट्ट बसूच देत नाही. हे मला पाठ होतं. पाठ असून शिडी आणायचा कंटाळा केला.

ही वर्षभर सांगत होती, "अहो, तुमच्या पुलाला कोंडा झालाय." जिन्याखालून येताना केसांत पडलेला तपकिरी चुरा माझ्यासमोर झटकायची. "मग तेल चोळ त्याला," मी म्हणायचो. आज सकाळी तिच्या पिशवीतून अंगठ्याच्या नखाएवढा पापुद्रा पडला, तेव्हा कुठं मी शिडी उचलली.

साहेबांना फोन लावला. "साहेब, पूल बंद करतोय."

"कुणाला विचारून? सहा महिन्यांपूर्वी तुम्हीच 'ठीक' लिहिलंत ना?"

"चुकीचं लिहिलं."

 साहेबांचा आवाज खाली आला. "जरा डोकं शांत ठेवा. निवृत्तीला तीन महिने राहिलेत, अंगाशी येईल तुमच्या. दोन दिवस थांबा, मी माणूस पाठवतो. मग 'नुकतंच आढळलं' असं लिहू. सगळं निभावून जाईल."

"दोन दिवस पूल थांबणार आहे का?" म्हटलं आणि फोन ठेवला. पलीकडच्या टोकाच्या पेपरवाल्याला फोन करून बाकडं आडवं टाकायला लावलं. इकडच्या जिन्याला मी आडवी दोरी बांधली.

भोंगा झाला. गर्दी आली. पुढे मुकादम, आडदांड गडी.

"काय म्हातारबा, अंगरखा फाटला वाटतं?"

सगळे फिदीफिदी हसले. त्यानं एक पाय दोरीपलीकडे टाकलासुद्धा.

"फाटला!" मी ओरडलो. "खालून फाटलाय, आणि मी बावीस वर्षांत एकदाही खाली बघितलं नाही. माझी चूक आहे. वर जायचं तर मला ढकलून जा."

हसणं थांबलं, पण पाय मागे येईना. मागून रेटा वाढत होता. तेवढ्यात ही पुढे आली. माझ्याकडे बघितलं, मुकादमाकडे बघितलं, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि रेल्वेच्या फाटकाच्या लांबच्या वाटेला लागली. तिच्या मागून दोघी निघाल्या. मग चौघं. शिव्या घालत का होईना, सगळे गेले. शेवटी मुकादमानंही पाय काढून घेतला.

संध्याकाळी अहवाल लिहायला घेतला. 'नुकतंच आढळलं' इथवर आलो आणि पेन अडलं. हिनं पावडरचा जुना डबा समोर ठेवला. झाकण काढलं तर आत तपकिरी पापुद्रे. तळाशी वाळूएवढे, वर वर मोठे, आणि सगळ्यांत वर सकाळचा.

"हे काय, साठवत होतीस?"

"झटकून झालं की उचलून ठेवायची. वाटलं, कधीतरी बघाल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हा डबा दाखवला तर बायको वर्षभर सांगत होती, हे सगळ्यांना कळेल."

"कळू दे की," ती म्हणाली. "नाही दाखवला, तरी मला ठाऊक आहेच."

मी 'नुकतंच' खोडलं, 'वर्षभर पापुद्रे पडत होते, मी बघितलं नाही' असं लिहिलं आणि सही केली.

सकाळी लांबच्या वाटेनं कचेरीत निघालो. वही काखेत, डबा पिशवीत. पावलागणिक तो खुळखुळत होता.